चिंचेचा कोळ

माझगावात चाळ पाडली की मला फोन येतो.
जेसीबीवाला रामसकल कामाचं तेवढंच बोलतो:
"काका, बाटली निकली है. आठ बजे तक आ जाव."
मी खुरपं, टूथब्रश, उशीची जुनी खोळ घेऊन निघतो
आणि हेमांगी दारातून विचारते,
"आज कुणाचा कचरा?"

कचराच तो. खोटं कशाला बोलू.
सोड्याच्या बाटल्या, गळ्यात गोटी अडकलेली.
शाईची दौत, तळाला कुठल्याशा थंड गावाचं नाव.
चिनीमातीच्या बशीवर निळी होडी, अर्धीच,
उरलेली अर्धी मी नऊ वर्षं शोधतोय.
ट्रामच्या रुळाचा वीतभर तुकडा,
जो पलंगाखाली आहे आणि ज्याला सगळ्यांची बोटं ठेचतात.

पस्तीस वर्षं जलखात्यात काढली.
रात्री दोनला लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची,
दुसरं टोक कानाला लावायचं,
पाणी कुठे गळतंय ते ऐकायचं, आणि खणायचं.
पाण्याखेरीज काही लागलं तर मुकादम म्हणायचा, बुजव.
मी बुजवलं. भायखळ्याला एक अख्खा मैलाचा दगड
मी या हातांनी बुजवलाय.
वर आता पेव्हर ब्लॉक आहेत, उसाच्या रसाची गाडी आहे.
तिथून जाताना
मी अजून पाऊल जरा बाजूला टाकतो.

घरात नियम आहेत.
लोखंड कोरडं, बुटांच्या खोक्यातल्या पुड्यांसकट डब्यात.
काच आठवडाभर साध्या पाण्यात.
पितळेला हात लावायचा नाही.
वरचा काळाहिरवा थर म्हणजे तिचं वय, मी सांगतो,
वय घासायचं नसतं.
हेमांगी ऐकून घेते.
तिच्या माहेरी नऊ समया होत्या.

गेल्या वर्षी रे रोडच्या खड्ड्यात बिल्ला मिळाला.
पापडाच्या लाटीएवढा, वर भोक, बाकी नुसता गंज.
कापसात ठेवला. डबीवर चिठ्ठी लावली:
पितळ. साहेबाचा काळ. वाचता येत नाही.
आल्यागेल्याला दाखवायचो, ते मान हलवायचे.
वस्तुसंग्रहालयातल्या बाईंनीही हलवली,
म्हणाल्या, "छान आहे. पण संदर्भ नाही ना."

मग परवाचा दिवस. मी साखर तपासायला गेलो होतो.
परत आलो तर ओट्यावर चिंचेचा कोळ,
नारळाची शेंडी,
आणि मधोमध बिल्ला, इतका लख्ख
की मला बघवेना.
मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.
शेजारच्या रेगेंनी टीव्ही बंद केला, यावरून समजा.
ती हात पुसत म्हणाली,
"झालं? आता वाच."

वर इंग्रजीत खात्याचं नाव, निम्मं झिजलेलं.
मधे आकडा, ४१२, साच्यातून निघालेला, सरळ.
आणि कडेला, खिळ्यानं टोचून टोचून काढलेलं,
ठ नीट, कू उतरणीला लागलेला:
ठकू.

रस्ते झाडायची, खडी वाहायची,
की डोक्यावर काय वाहायची, माहीत नाही.
नाव तिनं टोचलं की टोचून घेतलं, तेही नाही.
आकडा दिलेला होता.
हे तेवढं कुणी दिलेलं नव्हतं.

वर्षभर मी ते कापसात जपत होतो.

मी चिठ्ठी काढली, नवी अजून लिहिलेली नाही.
"साहेबाचा काळ" लिहायला पेन टेकवलं
आणि तसंच धरून बसलो.
हेमांगी पलीकडे पोळ्या लाटत होती, वळून बघेना.
रागच आहे अजून. दोघांनाही.

आठ दिवसांत पितळ पुन्हा काळवंडायला लागलंय,
आधी कडेनं, मग आकड्याच्या पोटात.
ठकूपर्यंत पोचायला वेळ आहे.
आज बाजाराच्या यादीत, तिच्या अक्षरात,
साबण, तूरडाळ यांच्या खाली:
चिंच पाव किलो, जुनी,
चिंचोके काढलेली.
मी पावाचा अर्धा केला.